एका ताटाचा आचारी

बसच्या रांगेत आचाऱ्याची पँट खाली आली ती मंगळवारी, संध्याकाळी पावणेपाचला. बस लांबून दिसली, ती थांबवायला त्याने उजवा हात वर केला, हात वर गेला तसं पोट आत गेलं आणि पोटाच्याच भरवशावर टिकून असलेली पँट कसलीही घाई न करता गुडघ्यांपर्यंत उतरली. मागे उभ्या असलेल्या बाईंनी मासिकातून मान वर न काढता सांगितलं, "काका, पँट." त्याचा रुमाल पडला असता तरी त्यांनी याच आवाजात सांगितलं असतं. त्याने पँट वर ओढली, कंबर डाव्या मुठीत धरली आणि तसाच बसमध्ये चढला. बसायला जागा होती, पण बसावं तर मूठ सोडावी लागणार आणि उभं राहावं तर दांडा धरायला एकच हात उरणार, या पेचात चार थांबे गेले. लाज वाटायला हवी होती हे त्याला कळत होतं. पण वाटत होतं ते नवल. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तो मुख्य आचारी होता. रोज संध्याकाळी साडेसहाला कँटीनची खिडकी उघडायची आणि चारशे माणसं जेवून जायची. त्या चारशेंतल्या कोणाची पँट कधी खाली आली नाही. उलट बटणं तुटायची. आणि आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच त्यांच्या आचाऱ्याची पँट भर रस्त्यात उपासमारीने पडावी, हे म्हणजे पोहायला शिकवणारा बादलीत बुडावा तसं झालं. त्याने खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. काचेतला माणूस बारीक होता आणि त्याला ओळख दाखवायला फारसा उत्सुक नव्हता.

त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून तोही म्हणायचा. मास्तरने टेप कमरेभोवती फिरवली, तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि आठ महिन्यांत ही तिसरी खेप असल्याचं सांगितलं. कंबर आत घेता घेता मागचे दोन्ही खिसे आता शेजारी येऊन बसले होते. आणखी एकदा घेतली तर खिसा एकच उरेल आणि तोही मधोमध येईल, असा धोका त्याने वर्तवला. आठ महिन्यांचा हिशेब आचाऱ्यालाही कळत होता. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली. त्यानंतर घरात चहा होत होता, टोस्ट येत होते, कधी उकडलेलं अंडं. स्वयंपाक असा झाला नव्हता. दुःखाने जेवण तुटलं असं लोक समजत होते आणि त्यानेही ती समजूत राहू दिली होती, कारण खरं कारण त्यालाच नीट सांगता आलं नसतं. मास्तरने मात्र समजुतीवर भागवलं नाही. आचाऱ्याच्या मुलीच्या लग्नातले कपडे त्यानेच शिवले होते, तेव्हापासून तिचा नंबर त्याच्या मापांच्या वहीत होता. आचारी जिना चढून घरात पोचला तेव्हा फोन वाजत होता.

मुलगी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. जळलेली गोदामं, पाणी शिरलेली दुकानं, छत कोसळलेल्या शाळा बघायच्या, आग नेमकी कुठे लागली आणि माल खरंच होता तेवढा होता का हे ठरवायचं. त्यामुळे ती रडली नाही की ओरडली नाही. शेवटचं पूर्ण जेवण कधी झालं, काय होतं, कुणी केलं, एवढंच तिने विचारलं. चहा-टोस्ट म्हटल्यावर ते जेवणात धरत नाही असं सांगितलं. वजन विचारलं, औषधाच्या दुकानातल्या काट्यावर बासष्ट भरलं होतं, निवृत्त झाला तेव्हा एकाहत्तर होतं. पलीकडे पेनाचा आवाज आला. मग तिने निकाल दिला: तीन आठवडे. तिसऱ्या रविवारी ती येईल, वजन चौसष्टच्या वर असेल तर प्रश्न नाही, नसेल तर येताना ती मोठी बॅग आणील आणि त्याला घरी घेऊन जाईल. यावर चर्चा नाही.

मुलीच्या घराला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हीच तिथली अडचण होती. बायको गेल्यावर तो तिथे आठ दिवस राहून आला होता. उजेडाची खोली, जाड गादी, मऊ खुर्ची. तो खुर्चीतून उठला की जावई म्हणायचे, "बसा ना." पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळला की विहीणबाई पाण्याचा पेला घेऊन समोर यायच्या आणि म्हणायच्या, "बसा ना." शेगडीपाशी नुसतं उभं राहून वास घ्यावा म्हणून गेला तर मुलगी त्याच्या खांद्याला धरून वळवायची. आठ दिवसांत त्याने त्या घरात दुसरं वाक्य ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं. सहाव्या दिवशी पाय सुजले. उभं राहून कधी सुजले नव्हते, एकतीस वर्षांत नाही. सातव्या दिवशी पहाटे तो कोणी उठायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला कंबर टेकवून पाच मिनिटं उभा राहिला आणि चोरी पकडली गेल्यासारखा परत येऊन झोपला. तिथे जायचं म्हणजे उरलेलं आयुष्य बसून काढायचं. त्यापेक्षा दोन किलो वाढवणं सोपं, असं त्याला त्या मंगळवारी वाटलं. स्वयंपाक तर त्याला येतच होता.

येत होता, पण चारशेचा. बुधवारी त्याने ट्रंकेतून कँटीनची वही काढली. बटाट्याचा रस्सा, माणसं चारशे: बटाटे साठ किलो, कांदे बारा किलो, पाणी शंभर लिटर, मीठ पंधरा मुठी, तमालपत्रं चाळीस. अंदाजाने एखादा बटाटा चिरून टाकावा हे कुणालाही सुचलं असतं. त्यालाही सुचलं, पण त्याचा अंदाज दहा किलोच्या खाली चालत नव्हता, काही माणसांना लांबचं लख्ख दिसतं आणि हातातलं पत्र वाचता येत नाही तसा. भाजीवाल्याकडे त्याने एक बटाटा मागितला तेव्हा भाजीवाला पिशवी उघडून पुढच्या आकड्याची वाट बघत राहिला. घरी येऊन त्याने प्रत्येक ओळ चारशेने भागली. बटाटा दीडशे ग्रॅम, कांदा तीस, पाणी पाव लिटर, इथपर्यंत ठीक. मीठ अडलं. त्याच्या मुठीत ऐंशी ग्रॅम मीठ मावायचं, म्हणजे एका माणसाला मुठीचा सत्ताविसावा भाग. त्याने वर्तमानपत्रावर एक मूठ मीठ पसरलं आणि सुरीच्या पात्याने त्याचे सत्तावीस ढीग केले, कमीजास्त झालेले इकडचे तिकडे सरकवले, एक वापरायला घेतला आणि बाकीच्या सव्वीस पुड्या बांधून डब्यात ठेवल्या. तमालपत्राचा दहावा भाग कात्रीने कापला. नऊ तुकडे दुसऱ्या डब्यात. मग वेळेपाशी तो थबकला. वहीत दोन तास लिहिले होते. दोन तास भागिले चारशे म्हणजे अठरा सेकंद. अठरा सेकंदांत बटाटा शिजत नाही हे त्याला कळत होतं, पण मग भागायचं काय आणि भागायचं नाही काय, हे कुठे लिहिलेलं असतं? वेळ भागायचा नाही असं ठरवून त्याने पातेलं दोन तासांवर ठेवलं. पस्तीस मिनिटांत पाणी संपलं, तासाभरात बटाटा संपला, आणि दोन तासांनी तो तळाशी उरलेला काळा गोल झाऱ्याने खरवडत होता. झारा पातेल्यापेक्षा मोठा होता. त्या रात्री टोस्ट.

गुरुवारी पाणी जास्त झालं, शुक्रवारी कांदा कच्चा राहिला. शनिवारी त्याने वही मिटली. एका मध्यम बटाट्याच्या पातळ चकत्या केल्या, बायकोच्या छोट्या कढईत तेलावर पसरल्या, त्यावर अर्धा कांदा, कांदा गुलाबी झाल्यावर एक टोमॅटो, पुडीतलं मीठ, मिरीची पूड, आणि टोमॅटो विरघळून बाजूने बुडबुडे यायला लागल्यावर मधोमध एक अंडं फोडून वर झाकण. वीस मिनिटं. झाकण काढल्यावर जे दिसलं त्याने त्याचा स्वतःवर पुन्हा विश्वास बसला. एका माणसाचं होतं, एका घासानेही जास्त नाही, कमी नाही. त्याने थेंबभर रस तळहातावर घेऊन चाखला. बरोबर होतं. ताटलीत काढलं, वर दुसरी ताटली झाकली, कढई घासली, ओटा पुसला, हात पुसले, आणि पाठीमागे हात बांधून शेगडीपाशी उभा राहिला. सात वाजले. साडेसात वाजले. समोरच्या इमारतीत एक माणूस टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन जेवत होता, तो जेवून उठला, हात धुऊन आला. आचारी उभाच होता. पावणेआठला त्याला प्रथम प्रश्न पडला की आपण थांबलो आहोत ते कशासाठी?

प्रश्नाचं उत्तर इतकं साधं होतं की ते सापडल्यावर त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं. तो सगळे जेवायची वाट बघत होता. पोट भरलं की जिभेवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आचाऱ्याने आधी जेवायचं नाही, असं त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या आचाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि शेवटी जे उरेल ते त्याचं. रोज उरायचं, दीड-दोन माणसांपुरतं. खिडकी बंद झाली, वाढपी पोरी घरी गेल्या, की तो मोठ्या पातेल्यापाशी उभा राहून कडेला चिकटलेलं, कोमट झालेलं पळीनेच खायचा. ताट घेतलं नाही, बसला नाही. वाईट वाटायचं असंही नव्हतं. पातेल्याच्या कडेचा बटाटा मधल्या बटाट्यापेक्षा चवीला चांगला लागतो हे चारशे माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्याने आयुष्यात स्वतःसाठी कधी स्वयंपाक केलाच नव्हता. इतरांसाठी केला होता आणि त्यातलं उरलेलं खाल्लं होतं. आता नेमकं एका माणसाचं करायला शिकल्यावर उरत काहीच नव्हतं, आणि जे होतं ते जेवणाऱ्याचं होतं. जेवणारा अजून यायचा होता.

आठला दहा कमी असताना जेवणारा आला. मास्तर पँट घेऊन वर आला होता. दारातच त्याने नाक वर केलं, इकडचं तिकडचं बोलला, आणि झाकलेल्या ताटलीकडे न बघण्याचा एवढा प्रयत्न केला की आचाऱ्याच्या तोंडून आपसूक निघालं, बस. मास्तर बसला. जेवला. मध्ये एकदा डोळे मिटले. आचारी त्याच्या बाजूला उभा होता आणि त्याच्या पोटात, इतक्या दिवसांत प्रथमच, काहीतरी जागेवर आल्यासारखं वाटत होतं. मग मास्तर गेल्यावर त्याने ताटली उचलून पाहिली. मास्तरने पावाने ती अशी पुसली होती की धुवायचीही गरज नव्हती. आचाऱ्याने दोन टोस्ट खाल्ले.

यावर उपाय उघड होता: दोघांचं करायचं. मास्तर आधी जेवेल, उरलेलं आपलं. दुसऱ्या आठवड्यात तो हेच करत होता. पण एकतीस वर्षांत त्याने पातेल्यापासूनच खिडकीकडे "वाढू?" अशी हाक टाकली नाही असा एक दिवस गेला नव्हता, आणि मास्तरने, त्याच्या बाजूने, आयुष्यात कधी कशाला नको म्हटलं नव्हतं. वाढू? वाढ थोडं. वाढू? बरं, आग्रह आहे तर. हात आखडता घ्यावा असं आचारी रोज ठरवायचा आणि पळी हातात आली की हात स्वतःच्या मताने चालायचा. तिघांचं केलं तेव्हा मास्तरने तिघांचं खाल्लं. वाटलं ते एवढंच की मास्तर म्हणजे उरलेल्या तीनशे नव्व्याण्णवांचा प्रतिनिधी असावा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मास्तर दुकानात स्वतःच्या पँटची कंबर उसवत बसलेला दिसला. काम आवडीचं असल्यासारखा गुणगुणत होता. आचाऱ्याने काट्यावर पाय ठेवला. साडेएकसष्ट.

बायको असती तर? हा प्रश्न त्याने आठ महिने दाराबाहेर उभा ठेवला होता. त्या संध्याकाळी तो आत येऊन बसला. कँटीनच्या सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोजच, दोघं एकत्र जेवायची, म्हणजे जेवायचा प्रयत्न करायची. स्वयंपाक ती करायची, आणि करणाऱ्याने आधी जेवायचं नाही हे तिलाही कोणी कधी तरी शिकवलं होतं. त्याला ती जेवल्याशिवाय घास घेता येत नव्हता, तिला तो जेवल्याशिवाय. मुलगी लहान होती तेव्हा सोपं होतं, तिला आधी भरवायचं आणि मग दोघं मोकळी. ती सासरी गेल्यावर समोरासमोर ताटं वाढून दोघं अशी बसायची की बघणाऱ्याला वाटावं भांडण झालं आहे. शेवटी बायकोने तोडगा काढला. चमचे उचलायचे, एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनला दोघांनी एकदम तोंडात घालायचं. म्हणजे कोणीच आधी नाही. हे वर्षभर छान चाललं. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की तीनला ती रिकामा चमचा तोंडात घालते. त्याने हे तिला कधी सांगितलं नाही. सांगायची सोय नव्हती, कारण ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्याही चमच्यात काही नव्हतं.

तिसरा आठवडा तसाच गेला. मास्तरला त्याने सरळ सांगून टाकलं की येऊ नकोस. मास्तर दुखावला, पण तब्येतीच्या दृष्टीने बरंच म्हणाला. मास्तर नसला की ताटली झाकून ठेवायची, उभं राहायचं, आणि गार झालेलं सकाळी खायचं, कारण रात्र उलटली की त्याला उरलेलं म्हणता यायचं. तेवढ्याने वजन घटायचं थांबलं, वाढलं नाही. अडीच किलो कुठून आणायचे? रविवारी सकाळी त्याने खिशांचा विचार केला आणि सोडून दिला. मुलगी काट्यावर उभं करायच्या आधी खिसे बघणार हे ठरलेलं होतं. पाण्याचा विचार मात्र त्याला निर्दोष वाटला. एक लिटर म्हणजे एक किलो, हे गणित कारखान्यात रोजचं. चार वाजता ती यायची होती. साडेतीनला त्याने बसून अडीच लिटर पाणी प्यायलं, पेल्यामागून पेला, कर्तव्य म्हणून. चारला ती आली नाही. सव्वाचारला तो खिडकीत उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर. साडेचारला माणसाच्या शक्तीला मर्यादा असतात हे त्याने मान्य केलं. पाचला पुन्हा मान्य केलं. ती सव्वापाचला आली. वाटेत एक छापखाना जळाला होता, तो बघून आली होती. बुटांना राख होती आणि हातात मोठी बॅग.

काटा तिने स्वतःचा आणला होता. साडेएकसष्ट. आचारी काट्यावरून न उतरता म्हणाला की तासाभरापूर्वी चौसष्ट होतं.

"बाबा," ती म्हणाली, "लोक गोदामात भिजवलेली पोती ठेवतात. तीही वाळतात."

मग तिने घर पाहिलं. डबे उघडले. मिठाच्या नऊ पुड्या आणि तमालपत्राचे चार तुकडे बाहेर काढून ओट्यावर मांडले आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्याने सत्ताविसाव्या भागाचा खुलासा केला. ती हसली नाही, पण तिला तोंड वळवावं लागलं. बॅग तिने दाराशीच ठेवली होती, तिची चेन उघडी होती. कपडे भरण्याआधी तिने एकच मागितलं: रोज जे करता ते माझ्यासमोर करा. ती स्टुलावर बसली, त्याने सुरी घेतली. बटाटा, कांदा, टोमॅटो, अंडं, झाकण. तिने घड्याळ लावलं होतं, एकवीस मिनिटं. वडिलांना स्वयंपाक करताना तिने कधी पाहिलंच नव्हतं हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. कँटीनमध्ये मुलांना प्रवेश नव्हता आणि घरी शेगडी आईची होती. त्याने ताटलीत काढलं, वर ताटली झाकली, कढई घासली, ओटा पुसला, हात मागे बांधले. ती थांबली. तोही थांबला. दहा मिनिटं झाली. आग कुठे लागली ते तिला दिसत होतं, पण तिने विचारून खात्री केली.

"कुणाची वाट बघताय?"

कुणाची नाही, तो म्हणाला. मग जेवा. जेवतो, होऊ दे तुझं. तिचं झालेलं आहे, ती जेवून आली आहे, असं तिने ठासून सांगितलं. काय जेवलीस, त्याने विचारलं. भात, ती म्हणाली. कशाबरोबर? यावर नुकसानीच्या पाहणीचा चौदा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईने घड्याळाकडे पाहिलं. त्याने ताटलीवरची ताटली काढली आणि तिच्या समोर ठेवली.

ती खरोखर भुकेलेली होती. सकाळपासून राखेत फिरली होती. तपासणी, बॅग, काटा सगळं विसरून ती मान खाली घालून जेवली आणि शेवटचा घास तोंडात असतानाच, लहानपणी विचारायची तशी, विचारून बसली, "अजून आहे?" आणि आचाऱ्याने घासून ठेवलेल्या कढईकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्याच्या खिडकीवर कोणी पुन्हा मागितलं आणि पातेलं रिकामं होतं, असं झालेलं नव्हतं. नाही, हा शब्द त्या खिडकीतून कधी बाहेर गेला नव्हता. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय हे त्याला आत्ता पुरतं कळलं: दुसऱ्यांदा मागणाऱ्यासाठी त्यात काही नसतं. तो शेगडीकडे वळला आणि त्याने दुसरा बटाटा चिरायला घेतला. वाढप्यांच्या भाषेत ही दुसरी फेरी. एकवीस नाही, अठरा मिनिटं. कढई त्याने ताटलीत रिकामी करायच्या आधी मुलीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"माझं झालं," ती म्हणाली. "हे उरलंय."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. वाढू? नको. थोडं? नको बाबा, खरंच. मग तो तिथेच उभा राहून, कढईतून, पळीने जेवला. हळूहळू, पार कोमट होईपर्यंत, शेवटच्या चकतीपर्यंत. ती खिडकीबाहेर बघत राहिली, कारण असं जेवणाऱ्याकडे बघायचं नसतं एवढं तिला समजत होतं. मग तिने बॅगची चेन लावली. बॅग मी घेऊन जाते, ती म्हणाली, पण प्रश्न मिटलेला नाही. तुम्हाला एक महिना देते. रोज आधी जेवायला माणूस कुठून आणायचा हा मुद्दा होता आणि मास्तर यापुढे चालणार नव्हता. तेव्हा असं ठरलं की रोज साडेसहाला ती फोन करील. ती जेवले म्हणाली की तिचं झालं, त्याने बसायचं. नाही जेवलीस तर, असं त्याने विचारलं. जेवले म्हणजे जेवले, ती म्हणाली. महिन्याने काटा.

सोमवारी फोन आला. ती जेवली होती. काय, किती, मीठ कसं होतं, सगळं त्याने विचारून घेतलं. फोन ठेवल्यावरही तो खबरदारी म्हणून अर्धा तास थांबला, दुसऱ्यांदा तिने मागितलंच तर, आणि मग खुर्चीवर बसून, गार झालेलं का होईना, एका माणसाचं पूर्ण जेवण जेवला. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही. गुरुवारी औषधाच्या दुकानातला काटा बासष्टच्या अंगावर झुकला. शुक्रवारी तिचा फोन दोन मिनिटं उशिरा आला. मागे पत्रे ओढल्याचा आवाज होता, कोणीतरी तिला सही कुठे करू असं विचारत होतं.

"जेवले बाबा."

काय जेवलीस? "अंडं. बटाटा. सगळंच." आणि आचाऱ्याने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. एकतीस वर्षं तो खिडकीकडे पाठ करून काम करत होता. माणसं त्याने कधी पाहिली नाहीत, आवाज ऐकले. जेवायला आलेल्याचा आवाज वेगळा असतो आणि जेवून निघालेल्याचा वेगळा. भुकेला माणूस वाक्य शेवटपर्यंत नेत नाही, शेवटचा शब्द अर्धा टाकून पुढे सरकतो, रांग पुढे सरकावी म्हणून. जेवलेला मध्ये थांबतो. चारशे आवाजांतून शिकलेली ही गोष्ट त्याच्याकडून चुकणं शक्य नव्हतं. मुलगी उपाशी होती. आज उपाशी होती, म्हणजे कदाचित कालही, आणि साडेसहाला ती कधीच जेवत नसणार, हे इतकं उघड होतं की तो सोमवारपासून काय ऐकत होता हाच प्रश्न पडावा. समोर ताटली झाकलेली होती. खोटं बोलतेस म्हटलं तर फोनचा करार मोडला, आणि करार मोडला की बॅग, खुर्ची, बसा ना. न जेवता जेवलो म्हणावं तर महिन्याच्या शेवटी काटा. तिसरी वाट होती ती म्हणजे तिचं पोट रिकामं आहे हे माहीत असताना पहिला घास घ्यायचा, जो त्याने आजवर कोणाच्याही आधी घेतला नव्हता.

"बटाटा पातळ काप," तो म्हणाला. "जाड ठेवलास तर आतून कच्चा राहतो. एका माणसाला एकच, मध्यम. कांदा गुलाबी झाल्यावरच टोमॅटो. अंडं शेवटी, वर झाकण, दोन मिनिटं, गॅस बंद. वीस मिनिटांचं काम आहे. किती वाजता घरी पोचलीस तरी."

पलीकडे पत्र्यांचा आवाज थांबला होता.

"हे आत्ता कशाला सांगताय? मी जेवले ना."

"म्हणूनच सांगतो. उद्यासाठी."

मग पेनाचा आवाज आला. ती बरं म्हणाली. मीठ किती, असं तिने विचारलं. त्याला प्रथम मुठीचा भाग आठवला, मग तो म्हणाला की तीन बोटांत मावेल तेवढं. त्याने फोन ठेवला आणि खुर्ची ओढली. अर्धा तास थांबण्यात आज अर्थ नव्हता. नियम मोडायचाच होता तर तो निदान गरम असताना मोडावा. वरची ताटली काढली तेव्हा वाफ त्याच्या चष्म्यावर आली. चष्मा न काढता त्याने चमचाभर उचललं, टोमॅटोसकट, पिवळ्या बलकासकट, आणि तोंडात घातलं. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडं टाकून त्याने हाताने वारा घातला, आणि तशा अवस्थेतही त्याला पहिल्यांदा राग आला तो त्या चारशे माणसांचा. एकतीस वर्षं त्यांनी रोज एवढं गरम खाल्लं, आणि गरम कसं लागतं ते एकानेही कधी खिडकीशी येऊन सांगितलं नाही.